माझी प्रार्थना जावेनं वाचली

वॉर्डातल्या सिस्टरनी मला दोनदा निरोप पाठवला, "एस्तेरबाई, नव्या पेशंट बायांसाठी चार पानं लिहून द्या. तुम्हाला बघितलं की त्यांना धीर येतो." पहिल्या निरोपाला मी गप्प बसले. दुसऱ्याला कळवलं की लिहीन, पण खरं तेच लिहीन. मग वाचून मला कुणी साध्वी समजू नये. सिस्टर हसल्या म्हणे. माझ्या आजारपणात त्या तिथंच होत्या, त्यांना सगळं ठाऊक आहे.

तर आधीच सांगून टाकते. मी बरी झाले याचा मला अभिमान आहे. मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गापुढं मी पुन्हा उभी राहते, याचा अभिमान आहे. नम्रतेबद्दल लिहायला बसलीय आणि सुरुवातीलाच फुशारकी मारतेय, असं आमचे पाळक म्हणतील. म्हणू देत की! घशाच्या क्षयातून उठलेल्या बाईनं ताठ मानेनं चालायचं नाही तर कुणी चालायचं?

ही हकीकत आहे कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्यानंतर दोन-एक वर्षांची.

आमच्या घरची साखळी

आमचं घर ख्रिस्ती. दर बुधवारी संध्याकाळी घरात साखळी प्रार्थना व्हायची. म्हणजे सगळ्यांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एकामागून एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. एकाची संपली की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. ऐकायला फार गोड वाटतं. पण आमच्या सासूबाईंनी या साखळीचा वेगळाच उपयोग शोधून काढला होता. ख्रिस्ती घरात भांडण शोभत नाही, म्हणून कुणाला तोंडावर काही बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक. मग बुधवारी डोळे मिटून म्हणायच्या, "हे दयाळू पित्या, या घरात काही जणींना सूर्य डोक्यावर आल्याशिवाय जाग येत नाही. त्यांना तूच हलवून उठव." काही जणी म्हणजे मी. आणि वर मलाच आमेन म्हणावं लागायचं! न म्हणावं तर प्रार्थनेचा अपमान.

सासूबाई प्रभूकडे गेल्या आणि ही गादी माझ्याकडे आली. मी फायनल पास झालेली मास्तरीण. आवाज असा की तिसरीत पाढे सुरू झाले की फाटकावरचा शिपाई पेंगायचा थांबे. चर्चच्या मंडळीत गीत उचलायचं तेही मीच. माझे टोमणे सासूबाईंच्या टोमण्यांपेक्षा सुबक असायचे. आमचे हे कारखान्यात फिटर. त्यांच्यासाठी मी मागायचे, "प्रभू, कामावरून घरी यायची वाट रंकाळ्यावरून जाते असं ज्यांना वाटतं, त्यांना सरळ वाट दाखव." हे खाली बघून आमेन म्हणायचे.

पण सगळ्यात जास्त टोमणे वाट्याला यायचे ते सगुणेच्या. सगुणा माझी धाकटी जाऊ, दिराची बायको, आजऱ्याकडच्या खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. मी तिला चुलीपुढं पाटी घेऊन बसवलं आणि दोन वर्षांत शुभवर्तमान वाचायला लावलं. वाचायची ती बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं म्हणून मग जोडून. "आमच्या सगुणेला मी शिकवलं," हे मी सगळ्या मंडळीत सांगत फिरायचे, आणि बुधवारी देवाजवळ मागायचे, "काही जणींच्या डोक्यात जरा लवकर प्रकाश पाड." तिचं आमेन सगळ्यांत मोठं असायचं. टोमणा तिला कळायचा की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

घसा

नाताळच्या गीतांची तालीम घेताना आवाज पहिल्यांदा चिरकला. मास्तरणीचा घसा बसायचाच, म्हणून मी ज्येष्ठमध चघळलं, हळद-दूध प्याले, खडीसाखर गालात धरली. पुढं संध्याकाळी कणकण यायला लागली. भाकरीचा घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. लुगडं कमरेला दोन वेढे जास्त बसायला लागलं, तेव्हा ह्यांनी न विचारता टांगा आणला आणि मला गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी घशात बारका आरसा घालून बराच वेळ बघितलं. छाती तपासली, थुंकी ठेवून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर त्यांनी माझ्या आधी ह्यांना आत बोलावलं. तेव्हाच मी काय ते समजले. बाकावर मी ताठ बसून राहिले.

"क्षय आहे," त्या म्हणाल्या. "छातीत थोडा, घशात जास्त. आता नवीन इंजेक्शनं आली आहेत, त्यामुळं मी तुम्हाला धीर देऊ शकते. पण घशाला विश्रांती पाहिजे. बोलायचं नाही. एक शब्दही नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं घसा जास्त शिणतो."

"किती दिवस?" मी विचारलं.

"हा तुमचा शेवटचा प्रश्न. सहा महिने तरी. जास्तही लागतील."

"आणि आवाज परत येईल?" हे ह्यांनी विचारलं.

"वचन देत नाही. बोलल्या तर मात्र नक्की जाईल."

माझी मुलगी प्रेमा तेव्हा अडीच वर्षांची होती. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली एकुलती एक. रोज दिवेलागणीला मी दारात उभी राहून तिला हाक मारायचे आणि ती कुठल्याही घरातून धावत यायची. दवाखान्यात भरती व्हायला निघाले तेव्हा ती सगुणेच्या खांद्यावर झोपली होती. मी तिला जवळ घेतलं नाही, घ्यायची मनाई होती. हाकही मारली नाही. या पोरीला मला पुन्हा कधी हाक मारता येईल का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी टांग्यात बसले. मरणाची भीती वाटत होती, पण ती अधूनमधून. हा प्रश्न मात्र पाठ सोडत नव्हता.

मुकी खाट

क्षयाच्या बायांचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक पडवी. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू सगळी उघडी, आणि ओळीनं खाटा. पहाटे थर्मामीटर, मग दूध-अंडी, मग इंजेक्शन. रोज सुई टोचून बसायची पंचाईत झाली होती, हे लिहायला मला लाज वाटत नाही. नव्या बायांना ते आधी कळलेलं बरं. थुंकीसाठी प्रत्येकीला झाकणाची वाटी. दुपारी घंटा व्हायची आणि दोन तास कुणीच बोलायचं नाही. ते दोन तास मला आवडायचे, कारण तेवढा वेळ सगळ्या माझ्यासारख्या व्हायच्या.

शेजारच्या खाटेवर हिरा होती, पेठ वडगावकडच्या शेतकऱ्याची बायको. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "काय वो बाई, मुक्या हायसा का रुसलायसा?" सिस्टरनी तिला सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "आगं बया! बोलायचंच न्हाई? मी तर चार दिसांत मरंन की!" माझ्या गळ्यात दोरीनं पाटी अडकवली होती, त्या पाटीवर मी लिहिलं, 'मीसुद्धा.' हिराला वाचता येत नव्हतं, तरी तिला ते कळलं.

त्या दिवसांतली एक गंमत सांगते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण आमच्या ह्यांना इतकं बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी मुकी झाल्यावर बोलायचं काम त्यांच्यावर आलं. रविवारी सायकल मारत यायचे आणि कारखान्यातलं, गल्लीतलं, प्रेमाच्या दाढा येताहेत ते, सगळं रांगेनं सांगायचे. एकदा भाताला करपट वास कसा लागला हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. मी इतकी हसले की सिस्टर ओरडायला आल्या, हसणंही बंद.

पण आत मी धुमसत होते. देवावर माझा भयंकर राग होता. संध्याकाळी वॉर्डातही साखळी प्रार्थना व्हायची. जिची इच्छा असेल तिनं करायची. हिरा हिंदू, पण तीही भाग घ्यायची. "देवा, तू जो कुनी असशील त्यो, माझी म्हस आटू देऊ नगंस," एवढं म्हणून हात जोडायची. माझी पाळी आली की मी पाटी पुढं करायची आणि सिस्टरनी ती वाचायची, असा रिवाज पडला होता.

मी लिहायचे ते असं. 'प्रभू, अख्ख्या मंडळीत तुझं गीत उचलणारा गळा एकच होता, तोच तुला सापडला?' किंवा, 'मी तुझ्यासाठी एवढं बोलले, आता तू माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस. मुकी कोण आहे, मी का तू?' सिस्टर पाटी हातात घ्यायच्या, आधी मनात वाचायच्या, भुवया वर जायच्या, आणि मग मोठ्यानं म्हणायच्या, "प्रभू, एस्तेरबाई तुझे आभार मानते. आमेन."

आभार! मी पाटी भरभरून गाऱ्हाणं मांडायचे आणि देवापर्यंत जायचे ते आभार. माझा संताप व्हायचा. हिरानं एकदा सिस्टरना गाठून पाटीवरचं खरं काय ते वदवून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "देवासंगं भांडताय व्हय? भांडा की. पर त्येचं काय उत्तर आलं तर ऐकायला तरी मोकळं ऱ्हावा." मी तोंड फिरवून झोपले. अडाणी बाईनं मला शिकवावं, हे मला रुचलं नाही.

कुंपण

लहान मुलांना वॉर्डात मनाई होती. पटांगणापलीकडं मेंदीचं कुंपण होतं, तिथवर मुलाला आणायचं आणि आईनं पडवीतून बघायचं. चौथ्या महिन्यात एका रविवारी सगुणा आणि हे प्रेमाला घेऊन आले. पोरगी उंच झाली होती. अंगात नवं झबलं होतं, सगुणेनं शिवलेलं. मी पडवीच्या कडेला उभी राहून दोन्ही हात हलवले. प्रेमानं माझ्याकडं बघितलं, आणि ओळख नसलेल्या बाईकडं बघतात तसं बघून ती खेळायला वळली.

तेवढ्यात ठेच लागून ती पालथी पडली. माझ्या तोंडून हाक बाहेर येणारच होती. मी पदराचा बोळा दातांत धरला. प्रेमा उठून बसली आणि मोठ्यानं रडली, "आईऽ!" आणि धावत गेली सगुणेकडं. सगुणेनं तिला उचललं, गुडघा झाडला, तोंड पुसलं. पोरगी तिच्या मानेत तोंड खुपसून गप्प झाली.

मला त्या वेळी काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला सगुणेचा द्वेष वाटला. तिला लग्नाच्या सहा वर्षांत मूल झालं नव्हतं. मूल न होण्याची सहा वर्षं मीही काढली होती, लोकांचं बोलणं मीही ऐकलं होतं. ते कुठं लागतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी नेमकं तेच लिहिलं. खाटेवर येऊन पाटी घेतली आणि मास्तरणीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'हे प्रभू, जिची कूस तू रिकामी ठेवलीस, तिला दुसरीचं मूल पळवायची बुद्धी का दिलीस? मी मुकी झाले हे तिला बरंच झालं. तरी तू तिला क्षमा कर. आमेन.'

लिहून मला हलकं वाटलं. सिस्टर हे मोठ्यानं वाचणार नाहीत हे मला ठाऊक होतं. त्या म्हणणार, आभार मानते, आमेन. पण देवाला तर मूळ मजकूर दिसेल, असा माझा हिशेब.

सगुणा वाचते

त्या संध्याकाळी सिस्टरना दुसऱ्या वॉर्डात बोलावणं आलं. हे प्रेमाला टांगेवाल्याचा घोडा दाखवायला फाटकाकडं घेऊन गेले होते. सगुणा आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पेज घेऊन आली होती, ती मला पाजून माझ्या खाटेशी खाली बसली होती. साखळी सुरू झाली. हिराची म्हैस झाली. मग हिरा म्हणाली, "आता मास्तरीणबाईंची पाळी. सिस्टर न्हाईत, तर घरचं मानूस वाचंल की. काय गं, येतंय न्हवं तुला वाचाय?"

"येतंय की," सगुणा म्हणाली. "आक्कांनीच शिकीवलंय." आणि तिनं उशाजवळची पाटी उचलली.

मी झडप घातली. ती बाजूला सरकली. तिला वाटलं, मी तिला चुका दाखवायला येतेय. मी नेहमी तेच करायचे. "थांबा की आक्का, वाचती मी. चुकलं तर शेवटाला सांगा." आणि बोट ठेवून तिनं सुरू केलं, "हे... प्र... प्रभू..."

ओरडले असते तर ती थांबली असती. एक शब्द पुरला असता. पण त्या एका शब्दापायी प्रेमाला पुन्हा हाक मारता आली नसती. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सगळी पडवी डोळे मिटून बसली होती. "जि... ची... कू... स... कूस. रि... का... मी..." ती प्रत्येक अक्षर नीट लावत होती, मी शिकवलं होतं तसं. जोडाक्षराला थांबून मागं जाऊन पुन्हा म्हणत होती. एवढं सावकाश वाचन मी आयुष्यात ऐकलं नाही. "क्ष... मा... क्षमा कर. आ... मेन."

"आमेन," सगळ्या म्हणाल्या. एकट्या हिरानं म्हटलं नाही. ती डोळे उघडून माझ्याकडं बघत होती.

सगुणेचं बोट पाटीवर तसंच होतं. ओठ हलत होते, ती मनात पुन्हा एकदा वाचत होती. मग तिनं वाचायचं थांबवलं. आता साखळीत तिची पाळी होती. आमच्या घरचा रिवाज मला माहीत होता; इतक्या बुधवारांची परतफेड करायची तर याहून चांगली संधी तिला मिळाली नसती. मला उत्तरही देता येत नव्हतं. मी वाट बघत राहिले.

तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा बापा, आक्काचा गळा बरा कर. आक्कानं दारात हुबं ऱ्हाऊन पोरीला हाक मारावी, समद्या गल्लीला ऐकू जावी. पोरगी मला आई म्हनती, तिचा राग धरू नगंस, बारकी हाय ती. माझं काय चुकत असंल तर मला दाखीव, मी सुदारीन. येशूच्या नावानं मागती. आमेन."

पदरानं तिनं पाटी पुसली, माझ्या उशाशी ठेवली, पेजेचं भांडं उचललं आणि गेली. आमेन म्हणायची माझी पाळी होती, तर माझ्या तोंडाला कुलूप.

नंतरचे दिवस

पुढचे आठ दिवस मी पाटीला हात लावला नाही. तापही चढला. सिस्टर खाटेशी येऊन कोरी पाटी बघायच्या आणि पुढच्या खाटेकडं जायच्या. हिरा म्हणाली, "बाई, देवाला सुट्टी दिली व्हय?" आणि मग हळूच, "न्हाई, ऱ्हावू दे. तुमास्नी लागलंय ते कळतंय मला."

मुलींना मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, प्रभूनं मरणाच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळत कशी प्रार्थना केली ते. त्यात त्यानं कुणाचं नाव घेऊन तक्रार केली नाही, हे माझ्या इतक्या दिवसांत ध्यानात आलं नव्हतं. आता ते आजऱ्याच्या एका बाईनं, मी जिला अक्षरं लावायला शिकवलं तिनं, माझ्या खाटेशी बसून दाखवलं होतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, लाजेच्या पाठोपाठ तिचा अभिमानही वाटला. ही आमच्या घरची बाई, असं सगळ्या पडवीला ओरडून सांगावंसं वाटलं.

रविवारी ती येईल की नाही, या काळजीनं मी सकाळपासून फाटकाकडं बघत होते. ती आली. पेजेचं भांडं घेऊन, नेहमीसारखी. मी पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'माझं चुकलं.' तिनं बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली.

"मला वाचताना कुटं कळतंय आक्का? एकेक अक्षर लावती मी. समदं जुळून ध्यानात आलं तवर आमेन झालंतं. मग म्हटलं, आक्काची पाळी झाली, आता माझी हाय."

मी पाटीवर बोट आपटलं आणि खुणेनं सांगितलं, हे आज संध्याकाळी सगळ्यांपुढं वाच.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्ये मी न्हाई वाचायची. तुमचं चुकलं आसंल तर तुमच्या त्वांडानं म्हना, गळा बरा झाला की. तवर ऱ्हाऊ दे तसंच." आणि तिनं मला पेज पाजली.

त्या संध्याकाळपासून माझी प्रार्थना लहान झाली. 'प्रभू, आजचा दिवस तू दिलास तसा घेते.' एवढीच ओळ. पहिले कितीतरी दिवस मनातून मी तो घेत नव्हते. तरी लिहायचे. सिस्टरना आता गाळायला काही उरलं नाही. त्या प्रत्येक अक्षर वाचायच्या.

नव्या बायांनो, नम्र झाले म्हणून देवानं मला बरं केलं, असं मी म्हणणार नाही. मला इंजेक्शनांनी बरं केलं आणि डॉक्टरीणबाईंच्या धाकानं. पडवीतल्या शेवटच्या खाटेवरची बाई माझ्यापेक्षा दसपट नम्र होती, ती गेली. राग येतो, तो येऊ द्या. देव काही इतका नाजूक नाही, तो सोसतो. पण दुसऱ्या माणसावरचा राग प्रार्थनेत गुंडाळून देवाच्या हाती देऊ नका. तो त्याच माणसाला जाऊन लागतो. राग सोडल्यावर मला काय मिळालं विचाराल तर झोप मिळाली. चार महिन्यांत पहिल्यांदा मी पहाटेच्या थर्मामीटरपर्यंत झोपले, आणि घास पोटात राहायला लागला.

पाच शब्द

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आरसा घातला, आणि या वेळी बाहेर काढून हसल्या. जखम भरली होती. थुंकी तर दोन महिने साफ येत होती. "आता बोलायचं," त्या म्हणाल्या, "पण डोसानं. रोज पाच शब्द. सहावा नाही. आवाज कसा येईल ते मला माहीत नाही, येईल तसा घ्या."

तो शनिवार होता. शनिवारचे पाच मी बोललेच नाही. हिरानं डिवचून बघितलं, "एक तरी सांडा की वो आमच्यावर!" मी मान हलवली. रविवारी सिस्टर मला हाताला धरून पटांगणातून कुंपणापर्यंत घेऊन गेल्या. तिथवर जायची परवानगी आता मिळाली होती. पलीकडं सगुणा उभी होती. हे सायकल भिंतीला लावत होते. प्रेमा थोड्या अंतरावर खाली बसून मेंदीची पानं तोडत होती.

सगळ्यांना ठाऊक होतं. सगुणेचे डोळे आधीच भरले होते. "आक्का, मारा हाक," ती म्हणाली. "हळू मारा, पर मारा."

मी तोंड उघडलं. आठ महिन्यांनी घशातून जो आवाज आला तो माझा नव्हता. जाड, फाटका, पुरुषासारखा. मी म्हणाले, "सगुणा, माझं चुकलं गं बाई."

"झाले पाच," सिस्टर म्हणाल्या. "'गं' धरून."

सगुणा चिडली. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली बघितली नव्हती. "ह्ये काय केलंसा आक्का? आट म्हैनं जपून ठिवलं आन् माज्यावर घालिवलं? आता पोरीला हाक कोन मारनार?" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती माझ्यावर ओरडत होती, आणि मी उभी राहून ऐकत होते. मी शाळेत, मंडळीत, घरात उभा जन्म बोलले. पण मला अभिमान वाटावा असे शब्द मोजून हे पाचच, आणि ते मी आज कुणापुढंही छाती काढून सांगते.

सगुणेनं डोळे पुसले, वळली आणि खणखणीत आवाजात माझ्या वाटची हाक तिनंच मारली. "प्रेमेऽ! हिकडं ये. आई बोलावतीया."

प्रेमानं मान वर केली. "कुठली आई?"

"थोरली," सगुणा म्हणाली. "ती बघ, सिस्टरांजवळची. जा."

प्रेमा पानं मुठीत घेऊन कुंपणापाशी आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. तेव्हापासून ती मला थोरली आई म्हणते आणि सगुणेला धाकटी. ते नाव सगुणेनं दिलं. मी मागितलं नव्हतं.